एसओपी एडिटिंग सर्व्हिस : 3 स्टार, त्यातले 2 एकाच कॉमेंटचे

अमेरिकेत वॉटर रिसोर्सेसमध्ये एमएस करायचं म्हणून पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीचं एसओपी पॅकेज घेतलं. एसओपी म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', हेच का शिकायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध; तो हे लोक तपासून सुधारून देतात. तीन राउंड, 12,000 रुपये. नाव लिहीत नाही, कारण मैत्रिणींनी दुसरीकडून घेतलेली पॅकेजंही साधारण अशीच निघाली.

आधी चांगलं सांगते. दिलेला शब्द पाळतात, दोन दिवसांत गुगल डॉक परत येतं. माझे 1,340 शब्द हजारात बसवायचे होते, ती कापाकापी झकास केली. माझा आणि इंग्रजीतल्या 'द'चा शाळेपासून छत्तीसचा आकडा, त्या चुका एकूण एक धरल्या. एक स्टार इथंच दिला.

आता दुखणं. माझा निबंध आजीच्या भिंतीपासून सुरू व्हायचा. कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठच्या प्रयाग चिखलीला तिच्या दगडी घरात, सोप्यातल्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत: 1989, 2005, 2019, 2021. पाणी ओसरलं की आजी खिळ्यानं ओढते. पहिल्या एडिटरनं ही भिंतच पाडली. तिच्या जागी आलं, 'लहानपणापासूनच मला पाण्याची विलक्षण ओढ होती.' चिखलीत पाण्याची ओढ! आमच्याकडं पावसाळ्यात उठल्या उठल्या पहिली चौकशी नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि चाळिशी दिसायला लागली की जनावरं हलवायची घाई.

दुसऱ्या राउंडला एडिटर बदलली, तेही न सांगता. पहिल्यानं 'फार टेक्निकल' म्हणून माझ्या हेक-रास मॉडेलचा (नदीचं पाणी कुठवर चढेल ते काढणारं सॉफ्टवेअर) परिच्छेद उडवला होता. हिनं बरोबर त्याच जागी लिहिलं, 'टेक्निकल डेप्थ कमी'. पैसे भरलेत म्हटल्यावर मी आज्ञाधारकपणे 63 सजेशन्स अॅक्सेप्ट केली आणि रात्री पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, "चांगलं हाय. कुणाचं हाय?"

मग व्हर्जन हिस्ट्रीत जाऊन सगळं मागं घेतलं आणि नुसत्या कॉमेंट्स वाचल्या. त्यात त्या दुसऱ्या बाईंची एक होती: 'रेघा कळल्या, मॉडेल कळलं. मधे मी हरवले.' एवढंच. दुरुस्ती सुचवलेली नाही, काही नाही. पण बाई हरवल्या होत्या ती जागा खरीच रिकामी होती. चिखली ते राजाराम बंधारा या टप्प्याचं मॉडेल मी शेवटच्या वर्षाला केलं, तेव्हा 2021 च्या पुराची पातळी आजीच्या रेघेपेक्षा चांगली वीतभर खाली येत होती. आठवडाभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, पात्राबाहेरची जमीन मी मोकळी धरली होती. तिथं जुलैत पुरुषभर ऊस उभा असतो, पाण्याला अडवतो. मॅनिंगचा 'एन', म्हणजे जमीन पाण्याला किती अडवते तो आकडा, वाढवला, पाणी रेघेजवळ आलं. हे मी लिहिलंच नव्हतं! मला वाटलेलं, चूक झाली ती अर्जात कशाला सांगायची.

तो परिच्छेद घातला, तसे दोन्ही एडिटरांचे आक्षेप एकदमच मिटले. भिंत परत पहिल्या ओळीत आली. त्या कॉमेंटचे दोन स्टार.

तिसऱ्या राउंडला डॉकच्या डोक्यावरच लिहून टाकलं: 'कृपया वाक्यं बदलू नका. कुठं कंटाळा आला, कुठं कळलं नाही, तेवढंच कॉमेंटमध्ये लिहा.' काउन्सेलरचा फोन आला, "मॅडम, मग आम्ही करायचं काय?" पण केलं त्यांनी. सहा कॉमेंट्स आल्या, चार कामाच्या निघाल्या. 15 डिसेंबरच्या आत अर्ज गेले.

घ्यायचंच असेल तर तीन राउंडचं घेऊ नका. एका राउंडचं 4,500 ला मिळतं, फक्त ते वेबसाइटवर दिसत नाही, फोन करून मागावं लागतं.