बाजारातली माशांची गाडी, द हेग: हेरिंग एक नंबर, कॉड घेताना मात्र डोळे उघडे ठेवा

नेदरलँड्समध्ये द हेगला आल्यापासून तीन वर्षं जवळजवळ दर शनिवारी या गाडीवर जातोय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण थोडी तक्रार पण आहे आणि माणूस चांगलाय.

आधी हेरिंग. आपल्या तारलीच्या भाऊबंदांतलीच, पण जाडजूड आणि एवढी तेलकट की हाताचा वास रात्रीपर्यंत जात नाही. जूनच्या मध्याला नवी हेरिंग येते, 'होलांडसे निउवे', तिच्यात निदान 16 टक्के फॅट नसेल तर ते नाव लावताच येत नाही. हा समोर साफ करून देतो, वर बारीक कांदा, शेपटीला धरायची आणि मान वर करून खायची. कच्चीच! आई फोनवर म्हणाली, "कच्चा मासा मांजर खातं रे." पण मीठ अगदी बेताचं, काटा लागत नाही, मी एका वेळी दोन खातो.

मला वाटायचं एकदम ताजी असते. एकदा यानेच सांगितलं, ही आधी फ्रीझ केलेली असते, कायदाच आहे. 1960 च्या सुमारास इथे हलकं मीठ लावलेली हेरिंग खाऊन लोकांच्या पोटात जंत सापडले, अनिसाकिस, इकडे त्याला हेरिंगवर्मच म्हणतात. मग 1968 पासून उणे 20 ला 24 तास ठेवणं सक्तीचं केलं.

आता तक्रार. मागच्या महिन्यात याच्याकडूनच ताजा कॉड घेतला, रश्श्यासाठी. धुताना पोटाकडच्या मांसात घड्याळाच्या स्प्रिंगसारखं पांढरट वेटोळं दिसलं, सुरीच्या टोकाने काढून ताटलीत ठेवलं तर सावकाश उलगडलं आणि चक्क हलायला लागलं!! दोन सेंटिमीटर तरी असेल. बायको किचनमधून जी गेली ती परत आलीच नाही.

फोटो दाखवला तर हा ढिम्म. "समुद्रातला मासा आहे, असायचंच." म्हणणं खोटं नाही म्हणा, हे जंत मोठे होतात व्हेल-डॉल्फिनच्या पोटात, अंडी पाण्यात, तिथून क्रिलमध्ये (कोळंबीसारखे बारीक जीव), मग माशात, आपण मधेच चुकून सापडतो. पैसे परत नाहीत, दोन हेरिंग फुकट दिल्या.

माझं एवढंच म्हणणं की कॉडपुढे एक पाटी लाव ना बाबा, हा फ्रीझ केलेला नाही, कच्चा खाऊ नका. लोक घरी लिंबू पिळून असाच खातात, आणि लिंबाने, व्हिनेगरने तो जंत मरत नाही, पोटाच्या आतल्या बाजूला घुसायला बघतो आणि मग अशी कळ येते की एंडोस्कोपी करून ओढून काढावा लागतो. आतपर्यंत 60 डिग्री एक मिनिट मिळालं की मरतो, म्हणजे आपल्या रश्श्याला भीती नाही. फक्त ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांना मेलेल्याचाही त्रास होऊ शकतो.

हेरिंगला पाच स्टार, कॉडला तीन. रस्सा मी त्या दिवशी केलाच, तिरफळ घालून. बायकोने वरणभात खाल्ला.