बुधवारचा पास्ता: खिमा-मेथी की चिकन-पालक?

आमच्या घरी सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात. मंगळवारचं आईच्या मर्जीवर असतं. म्हणजे कामाच्या दिवसांत मटण-चिकनला हक्काचे वार उरले दोन, बुधवार आणि शुक्रवार. शुक्रवारी अंडाकरीवर भागतं. बुधवार मुलीने पास्त्यासाठी राखून ठेवलाय आणि तो करायचं काम माझ्याकडे, कारण बायकोची त्या दिवशी संध्याकाळची शिकवणी असते.

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतून मी साडेसहाला सुटतो. वाटेत शंभर फुटी रस्त्यावर भाजी घेऊन विश्रामबागला पोचेपर्यंत सात. साडेआठला ताटं मांडली पाहिजेत. एवढ्या वेळात मांस आणि पालेभाजी दोन्ही पोटात जाईल असा पास्ता करायचे दोन प्रकार मी दोन हिवाळे आलटून पालटून करून पाहिले. एकात मटणाचा खिमा आणि मेथी, दुसऱ्यात बोनलेस चिकन आणि पालक. ऑफिसात कोणी विचारलं की ‘दोन्ही चांगले आहेत’ असंच सांगतो, आणि ते खोटं नाही. पण आता आमच्याकडे दहातल्या आठ बुधवारी एकच होतो. कारण तसं बारीकच आहे.

पास्ता कुठल्या कंपनीचा, यात मी शिरत नाही. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असला की झालं. इटलीत सुका पास्ता ड्युरमचाच करायचा असा कायदा आहे, आणि ड्युरम आपल्याला परका नाही, आपला बन्सी गहू त्याच जातीचा. मैद्याचा स्वस्तातला पास्ता दोन मिनिटं जास्त उकळला की त्याची खळ होते, मग वर काय घालता याला अर्थ राहत नाही. आकार मात्र बघून घ्या. खिम्याला नळीचा पेने किंवा पिळाचा फुसिली बरा, खिमा आत जाऊन बसतो. स्पॅगेटीवर घातला की स्पॅगेटी संपते आणि खिमा ताटात उरतो. इटलीतल्या बोलोन्या शहराचे लोकसुद्धा त्यांचा तो प्रसिद्ध खिमा स्पॅगेटीवर नाही, टाल्यातेल्लेच्या रुंद पट्ट्यांवर घालतात.

आधी चिकन-पालकाच्या बाजूने बोलतो, कारण त्याच्यावर अन्याय होणार आहे हे मला माहीत आहे.

चिकन कधीही मिळतं. सात वाजता दुकानात गेलं तरी अर्धा किलो बोनलेस कापून देतात. घरी येऊन बोटाएवढे तुकडे करायचे, मीठ, मिरपूड, लिंबू लावून ठेवायचं. एकीकडे पास्त्याचं पाणी उकळत ठेवायचं, दुसरीकडे ठेचलेला लसूण तेलात टाकायचा. चिकनचे तुकडे सात-आठ मिनिटांत शिजतात, पेने दहा-अकरा मिनिटं घेतो, पालक तर दोन मिनिटांत बसतो. पाऊण तासात सगळं आटपून ओटासुद्धा पुसून होतो. खर्च कमी. तिखट न खाणारा पाहुणा आला तरी अडत नाही. मुलीच्या मैत्रिणी आल्या होत्या तेव्हा हाच केला, पातेलं चाटूनपुसून साफ झालं. वेळेचाच हिशोब लावायचा तर निकाल इथेच लागतो.

पण पाणी.

पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. मीठ आणि उष्णता लागली की ते सुटायला लागतं, आणि गंमत म्हणजे गॅस बंद केल्यावरही ते थांबत नाही. कढईत पास्ता छान दिसतो. प्रत्येक नळीवर लसणाच्या तेलाची चकाकी, मधे मधे गडद हिरवी पानं. ताटात वाढेपर्यंतही ठीक. मग चार घास होतात, काट्याने पास्ता बाजूला सरकतो आणि तळाशी हिरवट पाणी दिसतं. त्यावर तेलाचे दोन-तीन गोल तरंगत असतात. लसूण, लिंबू, मिरपूड सगळं त्या पाण्यात उतरलेलं, आणि वरचा पास्ता पांचट. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायको म्हणाली, “अहो, चमचे आणू का?” दुसऱ्यांदा मुलीने ताट थोडं तिरकं धरलं आणि विचारलं, “बाबा, आयर्विनला पातळी किती?”

सांगलीत पावसाळा काढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराच्या पाण्याला 40 फुटांवर इशारा, 45 वर धोका. त्या दिवसापासून आमच्या घरात चिकन-पालकाची पातळी विचारायची पद्धत पडली.

मी उपाय केले नाहीत असं नाही. पालक आधी वेगळ्या कढईत परतून, गार करून, मुठीत दाबून पाणी काढलं. पाणी गेलं, पण मुठीत लिंबाएवढा हिरवा गोळा उरला. तो पास्त्यात मोकळा होईना, आणि घासायला एक भांडं वाढलं. मग पालक चिरून गॅस बंद केल्यावर कच्चाच मिसळून पाहिला. वाढताना उत्तम, पाच मिनिटांनी पातळी तीच. इटलीच्या दक्षिणेला पुलियात ओरेक्येत्ते नावाचा कानाच्या पाळीसारखा पास्ता करतात आणि त्यात चिमे दी रापा ही शलगमाच्या जातीतली कडसर भाजी घालतात. ती भाजी पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात शिजवून दोन्ही एकदमच निथळायची रीत आहे. मला वाटलं, सुटलो. पण त्या भाजीला दणकट देठ आणि कळे असतात, ती उकळी सोसते. आपला पालक त्यात टाकला तर चाळणीच्या भोकांना चिकटून बसला, आणि तो नखाने खरवडण्यात पास्ता गार झाला.

त्यात चिकनचंही पाणी असतं. दुकानात धुऊन दिलेले तुकडे ओलेच असतात. घाईघाईत अर्धा किलो एकदम कढईत टाकलं की ते भाजत नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजतं आणि पांढरटच राहतं. फडक्याने टिपून, दोन हप्त्यांत परतलं तर सोनेरी रंग येतो, हे खरं. बुधवारी सव्वासातला दोन हप्ते करायचा धीर माझ्यात नाही. तुमच्यात असेल तर इथून पुढचं सोडून दिलंत तरी चालेल. माझी कढई लहान आहे, हाही मुद्दा आहेच.

आता खिमा-मेथी. याच्या अडचणी पहिल्या पाच मिनिटांतच कळतात. मटण चिकनच्या तिप्पट भावाचं. खिमा ताजा करून घ्यायचा तर दुकानात उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी उरलेलाच माल असतो. मी बुधवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी घेऊन फ्रिजमध्ये ठेवतो. खांद्याचा, थोडी चरबी ठेवून, सुऱ्याने बारीक केलेला. मशिनमधून काढलेला खिमा फार एकजीव होतो. चौघांना 300 ग्रॅम पुरतो, चिकन साडेचारशे तरी लागतं, म्हणून खर्चाचं अंतर वाटतं तेवढं राहत नाही. तरी राहतंच.

कांदा बारीक चिरून तेलावर लाल करायचा, खिमा घालून मोठ्या आचेवर परतत राहायचं. आधी त्यालाही पाणी सुटतं, कढईत बुडबुडे येतात, मग आवाज बदलतो. खदखद थांबून तडतड सुरू झाली की पाणी आटून चरबी सुटली असं समजायचं. या आवाजापर्यंत थांबलात तर पुढचं सगळं सोपं आहे. मग आलं-लसूण, दोन टोमॅटो, एक चमचा कांदा-लसूण मसाला, आणि कुकरला चार शिट्ट्या. कुकर उघडल्यावर अर्धी वाटी दूध घालून आटवतो. यावर आईने कपाळाला हात लावला होता. पण बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे 1982 साली तिथल्या खिम्याची अधिकृत कृती नोंदवली गेली, तीत दूध आहे. लसूण मात्र नाही. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “लसूण नाही? मग वास कशाचा येतो?” आम्ही लसूण घालतो.

मेथी शेवटी. कढईत चमचाभर तेलावर जिरं, त्यावर चिरलेली मेथी, झाकण न ठेवता मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं. मेथीलाही पाणी सुटतं, पण पान पातळ आणि लहान, ते तिथल्या तिथे उडून जातं. त्यावर खिमा, त्यावर पास्ता, आणि पास्त्याच्या पाण्याचे दोन डाव. या पाण्यात पास्त्याचा पिठूळपणा उतरलेला असतो, त्याने खिम्याची चरबी आणि टोमॅटो मिळून येतात आणि सगळं नळ्यांना धरून राहतं. ताटात वाढल्यावर दहा मिनिटांनीही तळ कोरडा. मुलीने दोनदा ताट तिरकं करून पाहिलं.

कडूपणाचं काय, असं तुम्ही विचारणार. मुलीनेही पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं होतं. त्यावर उपाय आपल्याच जिल्ह्यात पिकतो. मूठभर बेदाणे, दोन भाग करून, मेथीबरोबरच परतायचे. हे माझं डोकं नाही. सिसिलीत सार्डिन माशांच्या पास्त्यात रानबडीशेपेचा पाला आणि बेदाणे एकत्र घालतात. तासगावचे बेदाणे मटणाच्या खिम्यात घालायला मला तिकडून धीर आला एवढंच. तिखट, कडू, मधेच एक गोड दाणा. मुलगी आता आधी बेदाणे शोधते.

राहता राहिलं मेथी निवडणं, आणि इथे मला प्रामाणिक राहिलं पाहिजे. एक मोठी जुडी निवडायला मला पंचवीस मिनिटं लागतात. आमच्या काळ्या रानातली मेथी, पावसानंतर तर मुळाला ढेकूळ घेऊनच येते. तीन पाण्यांतून काढली तरी चौथ्या पाण्याच्या तळाशी बारीक रेती दिसते. ही रेती दाताखाली आली तर खिमा कितीही चांगला असो, तोंडातला घास तसाच राहतो. माझ्या बाबतीत हे काम आई करते. मंगळवारी रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून बसते, कोवळे देठ ठेवते, जून देठ बाजूला काढते, आणि निवडलेली मेथी कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते. मालिका संपते तेव्हा जुडीही संपलेली असते. म्हणजे माझ्या दीड तासाच्या हिशोबात आईचा अर्धा तास धरलेलाच नाही. तो धरला तर चिकन-पालक पुढे जातो, हे मान्य आहे.

म्हणून एकटे राहत असाल, नोकरीवरून साडेआठला परतत असाल, तर मी आग्रह करणार नाही. पालक आणा, चिकन टिपून घ्या, जमलं तर दोन हप्त्यांत परता, आणि ताटाऐवजी खोलगट वाडग्यात वाढा. वाडग्यात पाणी खुपत नाही, चमच्याने रस म्हणून खाता येतं. घरात एखादं माणूस निवडायला बसणारं असेल, किंवा आदल्या रात्री तुम्हीच बसू शकत असाल, तर एकदा खिमा-मेथी करून बघा. दुसऱ्या दिवशीच्या डब्याचाही विचार करा. चिकनचा तुकडा फ्रिजमधून काढून गरम केला की चामट लागतो, खिमा मात्र मुरलेला असतो. गुरुवारी आमच्याकडे चालत नाही, म्हणून उरलेला डबा मी शेजाऱ्यांकडे पाठवतो. त्यांच्या मुलाने ‘कालचा जास्त आवडला’ असं कळवलंय. कालचा म्हणजे शिळा, हे त्याला सांगितलेलं नाही.

कसुरी मेथीने हे काम होत नाही, करून पाहिलंय. वास येतो, पण घासात पाला लागत नाही. एप्रिल-मेमध्ये मेथी बारकी आणि जून येते तेव्हा मी तांदुळजा घालतो. त्याला पाणी पालकापेक्षा कमी सुटतं असं मला वाटतं, मोजलेलं नाही. मध्ये चाकवत घालून बघू का म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, “चाकवताची ताकातली भाजी होते. त्याला त्या नळ्यांत कोंबू नकोस.”