कागलचा एरिया बॅकबोनला जोडायचाय: व्हर्च्युअल लिंक, टनेल की एरिया ० च पुढे न्यायचा?

समजा, हेड ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत, तिथं ओएसपीएफचा (राउटर एकमेकांना रूट, म्हणजे वाटा, कळवतात ती पद्धत) एरिया ०, म्हणजे बॅकबोन; नेटवर्कचे बाकीचे भाग, म्हणजे एरिया, त्यालाच जोडायचे. तिथून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपर्यंतची लिंक एरिया १ मध्ये. आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवं मशीन शॉप सुरू झालं, त्याला एरिया २ दिला आणि लाइन ओढली ती गोकुळ शिरगावपर्यंतच. लिंक अप आहे, तरी शाहूपुरीला कागलचे रूट दिसत नाहीत. दिसणारही नाहीत. एका एरियाचे रूट दुसऱ्यात जातात ते एरिया ० मधूनच, आणि गोकुळ शिरगावचा राउटर त्यात नाहीच.

व्हर्च्युअल लिंक, म्हणजे मधल्या एरियातून एरिया ० पर्यंत नुसत्या सेटिंगनं केलेली जोडणी, सगळ्यात स्वस्त. शाहूपुरी आणि गोकुळ शिरगाव, दोन्ही राउटरवर एकेक ओळ लिहायची: मधला एरिया (इथं १) आणि समोरच्याचा राउटर आयडी (ओएसपीएफमधली राउटरची ओळख). डेटावर जादा हेडर चढत नाही. मात्र मधला एरिया स्टब किंवा एनएसएसए (ओएसपीएफबाहेरचे रूट इतर एरियांतून आत न घेणारे प्रकार) असेल तर विषय संपला. राउटर आयडी हातानं ठरवून टाका, नाहीतर इंटरफेस बदलून रीबूट केल्यावर आयडी बदलतो आणि लिंक जाते. एरिया ० ला पासवर्ड असेल तर तो या लिंकलाही लागतो. सिस्कोची इथं एक खोड आहे: या लिंकवर हॅलो (शेजारी राउटर चालू आहे हे कळवणारी पॅकेट) दाबून ठेवले जातात, त्यामुळे नंतर एकाच टोकाला पासवर्ड लावला तरी सगळं ठीक दिसतं. वीज जाऊन राउटर परत चालू झाला की मग फोन वाजायला लागतात.

जीआरई टनेल, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेणारी वाट, स्टबमधूनही जातो, त्याचा मोठेपणा एवढाच. प्रत्येक पॅकेटवर २४ बाइट चढतात, १५०० चा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४७६ वर येतो. मधला एरिया स्टबच ठेवायचा असेल, तरच त्याच्या वाटेला जा.

माझं मत तिसऱ्या मार्गाला. शाहूपुरी ते गोकुळ शिरगाव ही लिंकच एरिया ० मध्ये घ्या, फाउंड्रीच्या आतलं नेटवर्क एरिया १ मध्येच राहू द्या. दोन्ही टोकांचा एरिया जुळेपर्यंत संपर्क तुटतो, म्हणून काम साप्ताहिक सुट्टीला काढा. कागल आपोआप जोडलं जातं.

व्हर्च्युअल लिंक खरी कामाला येते ती एरिया ० चेच दोन तुकडे होतात तेव्हा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. शिरोलीचं युनिट एरिया ० मध्ये असेल आणि फाउंड्रीकडून त्याला एरिया १ ची वायरलेस लाइन असेल, तर त्या लाइनवरून व्हर्च्युअल लिंक आधीच बांधून ठेवा. आणि मे महिन्यातच मुख्य लाइन मुद्दाम काढून बघा.