पोस्टफिक्स रिव्ह्यू: एलियसवर येणारा डबल मेल

नागपूरच्या कळमन्यातल्या एका संत्र्याच्या आडतीचा मेल सर्व्हर मी पाहतो, पोस्टफिक्स (मेल घेणारं अन् पोचवणारं सॉफ्टवेअर) अन् डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं), दोन्ही फुकटचे. तिथे ऑर्डर, हिशेब, गाडी असे तीन पत्ते आहेत पण तिन्ही एलियस आहेत, म्हणजे नुसते टोपणपत्ते, अन् त्यांचा मेल हिशेब लिहिणाऱ्या काकांकडेच जातो. ट्रान्सपोर्टवाला भाड्याचं बिल गाडी अन् हिशेब दोन्हीवर टाकतो आणि काकांकडे तेच बिल दोनदा येतं. काका फोन करून म्हणे, "भाऊ, हे एका ट्रकचं बिल आहे का दोन ट्रकचं?" सीझनमधे असं बिल दोनदा एंट्रीत गेलं तर पैसे दोनदा सुटतात, म्हणून मला हे लई महत्त्वाचं वाटतं.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला की सगळं दिसतं. एकाच क्यू आयडीच्या (पोस्टफिक्स प्रत्येक मेलला देतो तो नंबर) दोन ओळी, दोन्हीत "टू" काकांचाच पत्ता, पण "ओरिग_टू", म्हणजे मूळ पत्ता, एकीत गाडी आणि दुसरीत हिशेब. म्हणजे पोस्टफिक्स डबल पत्ते गाळतोच, फक्त मूळ पत्ता आणि शेवटचा पत्ता अशी जोडी धरून गाळतो, अन् जोडी वेगळी असली की मेल दोन. मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमधे एनेबल_ओरिजिनल_रेसिपिएंट ला "नो" केलं की तो फक्त शेवटचा पत्ता पाहतो आणि एकच कॉपी टाकतो. पण एलियस व्हर्च्युअल मॅपमधे (पोस्टफिक्स मेल आत घेतानाच पाहतो ती पत्त्यांची यादी) हवे, ईटीसी एलियसेस या दुसऱ्या फाइलमधले नाही, कारण त्या फाइलमधले लोकल डिलिव्हरीच्या, म्हणजे शेवटी मेलबॉक्सात टाकायच्या वेळी एकेका पत्त्याचे वेगळे उलगडतात, तिथे ही सेटिंग कामी येत नाही. आणि हो, मेलच्या माथ्यावर मूळ पत्ता लिहिणाऱ्या एक्स-ओरिजिनल-टू या ओळीवर (हेडरवर) कोणी फिल्टर लावले असतील तर ते बंद पडतात, आधी विचारून घ्या.

पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने दोन पत्त्यांना मेल वेगवेगळा पाठवला तर मात्र पोस्टफिक्सकडे ते दोन स्वतंत्र मेल असतात, त्याला समजायचं काहीच कारण नाही. लाइन तुटली तरी तसंच, मेल इकडे घेतला गेला पण "मिळाला" हे उत्तर तिकडे पोचलंच नाही की तिकडचा सर्व्हर पुन्हा पाठवतो, एसएमटीपीत (मेल पाठवायच्या नियमांत) त्या उत्तरासाठी 10 मिनिटं थांबायला सांगितलंय. यासाठी डव्हकॉटच्या सीव्हमधली (मेल गाळायच्या नियमांची भाषा) डुप्लिकेट नावाची तपासणी वापरा, 2014 च्या आरएफसी 7352 या इंटरनेटच्या नियमपत्रातली, मेसेज-आयडी, म्हणजे पाठवणाऱ्याकडून मेलला मिळालेली ओळख, पाहून डबल मेल ओळखते. लोक तिथे डिस्कार्ड, म्हणजे मेल फेकून द्या, असं लिहितात, ते मला अजिबात पटत नाही. काही सॉफ्टवेअर मेसेज-आयडी धड बनवत नाहीत, खरं बिल उडालं तर? मी असा मेल "डबल" नावाच्या फोल्डरमधे टाकतो, काका संध्याकाळी एकदा नजर टाकतात.

मला पोस्टफिक्स यासाठीच आवडतो, हरवण्यापेक्षा दोनदा दिलेलं बरं असा त्याचा स्वभाव आहे. छोट्या ऑफिसला मनापासून सांगीन, घ्या, पण लॉग वाचणारा एक माणूस हाताशी ठेवा.