इन्व्हर्टर एसी : सोळा महिने आणि एक बालदी

गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजता एसीचं पाणी थेट गादीवर. ड्रेनच्या पाईपात शेवाळ अडकलं होतं. सर्व्हिसवाल्याने फुंकर मारावी तसा ब्लोअर मारला आणि सहाशे रुपये घेतले. त्या रागात लिहितोय.

दीड टन, फाइव्ह स्टार, घर गोव्यात, पेडणे तालुक्यातल्या मोरजीला, समुद्र हाकेवर. पहिले दोन महिने माझी एकच तक्रार : मशीन कट होतच नाही! जुना एसी खोली गार झाली की खटकन बंद पडायचा, पुन्हा सुरू होताना दिवा मिणमिणायचा. दोनदा माणूस बोलावला. चूक माझीच निघाली. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर बंद न होता वेग उतरवतो, आणि मंद चालतो तेव्हाच विजेच्या प्रत्येक युनिटमागे जास्त उष्णता बाहेर फेकतो. बिल खरंच उतरलं. मात्र स्टार रेटिंगच्या स्टिकरवरचे विजेचे वार्षिक युनिट वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेले असतात. आमचा एसी रोज नऊ तास, त्यामुळे तो आकडा आमच्या कामाचा नाही.

मग पाऊस लागला. 24 वर खोली गार, पण चादर दमट. मंद वेगात कॉईल, म्हणजे हवा गार करणारी आतली नळी, तितकी थंड होत नाही, म्हणून हवेतली वाफ नीट निघत नाही. तरीही पाईपाखाली ठेवलेली बालदी सकाळी भरलेली. मोजली, नऊ लिटर! तेव्हापासून रोज मोजतो. बायको हसते, हसू दे.

हिशेब असा : लिटरभर वाफेचं पाणी करायला साधारण 0.68 युनिट उष्णता काढावी लागते. एका युनिट विजेत मशीन चार युनिट उष्णता काढतं असं धरलं, तर नऊ लिटरमागे दीड युनिट वीज नुसती पाणी काढण्यात गेली. आणि हे पाणी येतं कुठून? जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून. म्हणजे मी पेडण्याची हवा सुकवत बसलो होतो.

एकशे चाळीस रुपयांच्या फोमच्या पट्ट्या लावल्या, दाराखाली जुनं बेडशीट गुंडाळून सारलं. दुसऱ्या दिवशी बालदीत चार लिटर. आता झोपताना तासभर ड्राय मोड (हवा सुकवण्याचा), मग 26 आणि पंखा. चादर सुकी.

मशीनवरचा राग तिथेच ओसरला, आउटडोअरवरचा नाही. खाऱ्या वाऱ्याने स्टँडचे बोल्ट गंजले, फिन्सच्या, म्हणजे जाळीतल्या पातळ पत्र्यांच्या, कडा पांढुरक्या पडल्या. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने हलक्या धारेने धुतो. दुकानात हे कोणी सांगितलं नव्हतं.

बालदीतलं पाणी स्कूटर धुवायला, फरशी पुसायला. बॅटरीत घालू नका, कॉईलवरची धूळ त्यात असते. ड्रेन आता मीच सायकलच्या पंपाने फुंकतो. चवथीला पाहुणे त्याच खोलीत झोपणार, दार सतत उघडं राहणार. दुसरी बालदी आणून ठेवली आहे.