सम-विषम हवामानाचा प्रयोगसंच: वाळू चोख, समुद्र अर्धवट

किनाऱ्यावर हवामान सम (उन्हाळा-हिवाळ्यात फरक कमी) आणि दूर आतल्या भागात विषम (फरक मोठा) का असते, हे वर्गात दाखवायला दोन ट्रे (एक पाण्याचा, एक वाळूचा), दोन तापमापक, एक दिवा आणि माहितीपुस्तिका असा संच मिळतो. कल्पना उत्तम आहे, संच घ्यावाच. मात्र पुस्तिकेबरहुकूम प्रयोग केला तर उत्तर बरोबर येते आणि कारण अर्धेच कळते.

आधी दिवा. संचात एलईडी असेल तर तो बदला, त्यातून अवरक्त उष्णता जवळजवळ मिळतच नाही. १०० वॅटचा तंतूचा बल्ब दोन्ही ट्रेंच्या मधोमध, ३० सेंटिमीटर उंचीवर टांगा. तापमापकाचा फुगा उघडा राहिला तर प्रकाश थेट त्यालाच तापवतो, म्हणून तो दोन्हीकडे १ सेंटिमीटर खोल हवा. दिवा १५ मिनिटे चालू, १५ मिनिटे बंद, नोंद दर मिनिटाला. दिवा बंद केल्यावरही वाळूतला पारा थोडा वेळ चढू शकतो. तो बिघाड नव्हे, वरच्या थरातली उष्णता खाली उतरत असते. नंतर वाळू भराभर निवते. हा निवण्याचा भाग पुस्तिका एका ओळीत उरकते, आणि आतल्या प्रदेशातला कडक हिवाळा तर इथेच समजतो.

पाणी आणि वाळू सारख्या वजनाची घ्यायची की सारख्या आकारमानाची, हे पुस्तिका सांगत नाही. फरक मोठा आहे. तापमान तेवढेच वाढवायला किलोमागे पाण्याला कोरड्या वाळूच्या सुमारे ५ पट उष्णता लागते, पण वाळू जड असल्याने सारख्या आकारमानाला ती जेमतेम ३ पट भरते. ट्रे सारख्याच आकारमानाने भरावेत आणि वाळू पूर्ण कोरडी असावी. ओल असली की बाष्पीभवनात उष्णता जाते आणि दोन्ही आलेख जवळ येतात.

संचाची खरी उणीव म्हणजे पाणी स्थिर राहते. समुद्रात सूर्यप्रकाश खोल शिरतो आणि लाटा व वारा वरचे कित्येक मीटर पाणी घुसळतात. जमिनीत मात्र दिवसाची ऊब अर्धा मीटरही धड उतरत नाही. समुद्र सावकाश तापण्या-निवण्याचे मोठे कारण हे घुसळणेच आहे. वरच्या फक्त अडीच-तीन मीटर पाण्याची उष्णता साठवण्याची क्षमता अख्ख्या वातावरणाएवढी भरते! म्हणून प्रत्येक नोंदीआधी पाणी हलक्या हाताने ढवळा आणि दुसऱ्या फेरीत न ढवळता तोच प्रयोग करून आलेख शेजारी ठेवा.

‘किनारा म्हणजे सम हवामान’ हे पुस्तिकेतले वाक्य खोडून टाकावे. ४३ अंश उत्तरेला स्पेनमधल्या ला कोरुन्याचे जानेवारीतले सरासरी तापमान १० अंशांच्या वर असते. जवळपास त्याच अक्षांशावरचे रशियातले व्लादिवोस्तोकही बंदरच, पण तिथे ते उणे १२ च्या आसपास जाते, कारण हिवाळ्यात वारा सैबेरियाकडून येतो. वारा समुद्रावरून येत नसेल तर शेजारच्या पाण्याचा उपयोग थोडाच. हे दाखवायला ट्रेंवरून छोटा पंखा एकदा पाण्याकडून, एकदा वाळूकडून लावा आणि पलीकडच्या हवेचे तापमान मोजा. त्यासाठी तिसरा तापमापक लागेल, तो संचात नसतो.