पांढऱ्या तारेचा गुलाब

जुलैच्या शेवटी मोबाइलवर तो फोटो आला तेव्हा मी रडले होते. खोक्यात साखरेचे गुलाब, एकाची पाकळी निखळलेली, दुसरा मऊ पडून शेजारच्याला चिकटलेला. खाली निरोप: "मॅडम, मॉइश्चर डॅमेज. पूर्ण लॉट रिजेक्ट." फोटोतल्या गुलाबांच्या तारा पांढऱ्या होत्या. माझ्या गुलाबांना हिरवी तार होती. एवढी साधी गोष्ट दिसायला मला गणपती उजाडावे लागले.

2023 सालची गोष्ट. मी वेंगुर्ल्याची. लॉकडाऊनमध्ये घरी केक करायला लागले आणि मग फुलांच्या नादाला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही क्रीमची फुलं नव्हेत. आयसिंग शुगर, अंड्याचा पांढरा बलक, थोडं शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) आणि सीएमसी, म्हणजे पेस्टला ताण आणणारी डिंकासारखी खाण्याची पावडर, मळून गमपेस्ट करायची. अर्धा किलो साखरेला साधारण 20 ग्रॅम सीएमसी. गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवला की दुसऱ्या दिवशी तो कागदासारखा पातळ लाटता येतो. आधी तारेवर गाभा करून वाळवायचा, मग एकेक पाकळी फोमवर ठेवून तिची कड गोल टोकाच्या हत्याराने पातळ करायची. उकडीच्या मोदकाला कळ्या काढायची सवय असलेला हात इथे फार उपयोगी पडतो. माझा पहिला सोनचाफा सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला होता आणि मुंग्यांनी तो दोन दिवसांत संपवला.

एप्रिलमध्ये बायकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली. "घरबसल्या शुगर फ्लॉवर बनवा, 100% बायबॅक." किट त्यांचं, ऑनलाइन शिकवणी त्यांची, तयार फुलं तेच विकत घेणार आणि मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना पुरवणार. किटचे 4,999 आणि डिपॉझिट 7,500. डिपॉझिट हजार फुलं पुरवल्यावर परत. बोलणारी बाई गोड होती, "ताई, ताई" करायची. मी माझ्या फुलांचे फोटो पाठवले तर म्हणाली, तुमच्या हातात कला आहे, तुम्हाला शिकवणीची गरजच नाही. तिथेच मी गेले. आमच्याकडे वाढदिवसाचा केक नेणारे फुलाकडे बघून "हे प्लास्टिकचं काय?" विचारतात. कोणीतरी कला म्हटलं की माणूस पाघळतो.

गुलाबाला दर होता 25 रुपये. मोकळा उमललेला एक गुलाब म्हणजे वीसेक पाकळ्या, दोन दिवसांत मिळून तासाभराचं हातकाम. हिशोब मी केला नाही असं नाही. केला आणि बाजूला ठेवला. मी त्यांना सुरंगी आणि सोनचाफा करू का म्हणून विचारलं होतं, तर म्हणाले फक्त गुलाब. हॉटेलवाल्यांना वेगळं काही नकोच, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

किट मेच्या पहिल्या आठवड्यात आलं. प्लास्टिकचे कटर, हिरव्या कागदात गुंडाळलेल्या तारा, हिरवी टेप, दोन रंग आणि 100 ग्रॅमची "टायलोज" पावडर, म्हणजे सीएमसीच, दुसऱ्या नावाने. हे सगळं सुटं घेतलं असतं तर आठशेच्या वर गेलं नसतं. त्या पावडरने पेस्टला ताणच येईना, पाकळीची कड फाटायची. मी गुपचूप माझी सीएमसी वापरली. तक्रार केली नाही, कारण "हातात कला" असलेल्या बाईने तक्रार कशी करायची?

पहिली 50 फुलं मे अखेरीस पाठवली. चौथ्या दिवशी 1,250 रुपये खात्यात! हे पैसे म्हणजे गळाला लावलेली कोळंबी होती. आमच्या घरात कोणालाही विचारा, आमिष फुकट जात नाही. मी मात्र ते स्टेटसला टाकलं. मालवणच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, आमच्या आळीतल्या एका मैत्रिणीनेही विचारलं. दोघींना मीच जोडून दिलं. प्रत्येकीमागे मला 500 रुपये "रेफरल" मिळाले आणि मी ते घेतले. यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी ओळ हीच आहे.

जूनमध्ये त्यांनी अन्न परवान्याचं प्रमाणपत्र काढून देतो म्हणून आणखी 2,500 घेतले. म्हणजे एक रुपया कमी पंधरा हजार झाले. तेव्हा घरगुती व्यवसायाला, वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर, एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी पुरायची आणि तिची सरकारी फी वर्षाला 100 रुपये होती. हे मला नंतर कळलं. त्यांनी पाठवलेल्या कागदावर 12 आकडी नंबर होता. खरा नंबर 14 आकडी असतो आणि सरकारच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकला की नाव-पत्ता दिसतो. मी तो कागद लॅमिनेट करून ओट्याच्या वर लावला होता.

मग पाऊस सुरू झाला. जुलैत 200 फुलं पाठवली, तर तो फोटो. खरं सांगते, मला क्षणभरही शंका आली नाही, कारण आमच्याकडच्या पावसात साखरेचं काय होतं ते मी रोज बघत होते. साखर हवेतलं पाणी ओढते. जून ते सप्टेंबर इथे मीठ पाझरतं, पापड वातड होतात, चपलेला बुरशी येते. साखरेची पाकळी कितीशी टिकणार! सकाळी कडक असलेली संध्याकाळी मान टाकते. फ्रीजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्याबरोबर घाम सुटून रंग ओघळतो. म्हणून मी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून फुलं ठेवत होते, प्रत्येक फुलाभोवती कापूस लावत होते, तरी मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. सासूबाई संक्रांतीला हलव्याचे दागिने करतात, काटेरी हलवा त्यांच्या हातचा. त्या जूनपासून म्हणत होत्या, "पावसात खंय साखरेचा काम करतत गो?" त्यांना हलव्याला काटा यायला कोरडी थंड हवा लागते हे ठाऊक होतं. फसवणाऱ्यांनाही तेच ठाऊक असणार. खोटं बोलायला त्यांनी कोकणातला पाऊस साक्षीला घेतला, आणि तो साक्षीदार मी कसा नाकारणार?

करारात एक ओळ होती: दहा टक्क्यांहून जास्त तूटफूट असेल तर पूर्ण लॉट बाद, आणि खराब माल परत पाठवला जाणार नाही. दुसरा अर्धा भाग मी वाचून सोडून दिला. सगळी मेख तिथे होती. माल परत आला असता तर तो फुटलाय की नाही हे कळलं असतं. ऑगस्टमध्ये पुन्हा 150 फुलं पाठवली, पुन्हा "मॉइश्चर", आणि "नुकसानभरपाई म्हणून डिपॉझिट वळतं केलं आहे" असा निरोप.

त्या वर्षी गणपती 19 सप्टेंबरला होते. जाऊबाई आदल्या दिवशी आल्या. दुसऱ्या दिवशी मोदक वळताना त्या हळूच म्हणाल्या, माझा लॉट गेला गं, आणि पिठाच्या हातानेच मोबाइल पुढे केला. तोच फोटो. तीच निखळलेली पाकळी, खोक्याच्या कोपऱ्याला तोच तपकिरी डाग. मी आत जाऊन माझा मोबाइल आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तारा पांढऱ्या. दोघींनाही किटमध्ये हिरव्या तारा आल्या होत्या. फोटोतली फुलं ना मालवणची होती, ना वेंगुर्ल्याची. जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत, मोदक वळत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस मी सगळं उलटं तपासत गेले. किटच्या बिलावरचा जीएसटी नंबर 07 ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, आणि 07 म्हणजे दिल्ली. पत्ता मात्र पुण्याचा. नववीतल्या मुलाने "टायलोज"वर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, पावडर निळी-काळी झाली. म्हणजे स्टार्च, बहुतेक साधं कॉर्नफ्लोअर. माझी सीएमसी तशी होत नाही. हे करून बघायचं असेल तर सुट्या पावडरीवरच करा, मळलेल्या पेस्टवर नको, कारण बाजारच्या आयसिंग शुगरमध्येही कॉर्नफ्लोअर असतं. आयोडीन नसेल तर चिमूटभर पावडर गार पाण्यात टाका. सीएमसी फुगून चिकट होते, कॉर्नफ्लोअर तळाला बसतं.

1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? मी म्हटलं, एप्रिल आणि जूनमध्ये. त्यांनी पेन खाली ठेवलं. पैसे गेल्या गेल्या 1930 ला कळवलं तर ते पुढे सरकायच्या आत खात्यात अडवता येतात. पाच महिन्यांनी काय अडवणार? व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, यूपीआयचे व्यवहार नंबर, कुरिअरच्या पावत्या हे सगळं मी जपून ठेवलं होतं, ते त्यांनी घेतलं. पैसे अजून आलेले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये एका माणसाचा फोन आला. "तुमचं रिफंड मंजूर झालंय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका." माझं नाव, रक्कम, सगळं त्याला माहीत होतं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागते ती पैसे द्यायला. मी त्याला विचारलं, तुमच्या गुलाबाची तार कुठल्या रंगाची? त्याने फोन ठेवला.

आता मी फुलं डिसेंबर ते मार्च एवढ्यातच करते आणि इथेच विकते. गेल्या फेब्रुवारीत साखरेच्या सुरंगीचा गजरा एका साखरपुड्याच्या केकला लावला, आणि त्या घरच्या आजींनी तो वासासाठी नाकाशी नेला. मैत्रिणीचे पैसे मी फेडले. जाऊबाईंना दर महिन्याला हजार देते. त्या नको म्हणतात, पण घेतात. अजून तीन हजार राहिलेत.